पदरचे पैसे घालून कथासंग्रह छापावा का? माझं मत : अजिबात नाही

बांधावरून (दारव्हा तालुका, यवतमाळ)

राजेहो, भांडण लावायलाच धागा काढतोय, तेव्हा मोकळं बोला.

माझं म्हणणं असं : खेड्यात राहून कथा लिहिणाऱ्यानं खिशातून पैसे घालून पुस्तक छापू नये. वर्षाकाठी दोन-तीन कथा दिवाळी अंकांत येतात, पाच-पंचवीस फोन येतात, तेवढ्यावर गप्प बसावं.

आता हिशेब. २०२२ च्या दिवाळीत सोयाबीनचे पैसे हातात आले. त्यातले ४२,००० एका प्रकाशकाला दिले. ११ कथा, १४४ पानं, ३०० प्रती. त्यात ३,००० 'आयएसबीएन शुल्क' म्हणून वेगळे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे. फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्याला ९६ वं साहित्य संमेलन होतं, तिथे मित्राच्या स्टॉलच्या कोपऱ्यात १४ प्रती खपल्या. त्यातल्या ५ आमच्याच गावच्या पोरांनी घेतल्या, मला वाईट वाटू नये म्हणून. आजवर विकल्या ७१, फुकट वाटल्या ९६. उरलेल्या १३३ माजघरात बियाण्याच्या पोत्याला टेकून आहेत. सूट-कमिशन जाऊन हाती साडेअकरा हजार.

पैशाचं सोडा. तालुक्याच्या कृषी केंद्रवाल्याला मी एक प्रत सही करून दिली होती. मागच्या महिन्यात खत आणायला गेलो तर काउंटरवर माझं पुस्तक. जीव सुखावला. त्यानं ते उघडलं, शेवटच्या कोऱ्या पानावर उधारी मांडलेली. माझंही नाव होतं : युरिया, २ बॅगा.

मग सांगा, कशाला छापायचं?

---

पऱ्हाटीवाला (दर्यापूर)

भाऊ, उधारीत नाव पहिलंच होतं का? मंग लेखकाले मान हाय म्हना की!

तुमचा हिशेबच चुकला. शंकरपटाचे, म्हनजे शर्यतीचे, बैल पोसनाऱ्याले कोनी इचारते का, बाप्पा नफा किती झाला? त्याहीले ढेप चारते, तेल पाजते, घरचे लेकरं सुकी भाकर खाते. तरी तो मानूस पटावर जाते. लिहनं तसंच हाय. हौस म्हनजे हौस. हिशेब मांडाचा असन तं वावरात मांडा, तितं तरी कुठं जमून रायला?

---

बांधावरून

पटाचा बैल हरला तरी सारं गाव उभं राहून पाहते. माझी कथा हरली हे पाहायलाही कोणी नाही.

---

वैनगंगेकाठची (भंडारा जिल्हा)

दादा, तुमच्याशी सहमत. छापूच नये. पण तुम्ही म्हणता तसं गप्पही बसू नये.

मी प्रतिलिपीवर लिहिते. ते ॲप २०१४ पासून आहे, मी आले २०२० मध्ये, घरात अडकून पडल्यावर. रात्री भांडी आवरली की मोबाइलवर अंगठ्यानं टाइप करते. सासरी कुणाला माहीत नाही, टोपणनावानं लिहिते. ना कागद, ना पोतं. आणि वाचणारी माणसं भेटतात, कुणी नाशिकची नर्स, कुणी बाहेरदेशात राहणारी सून. एक भाग टाकायला दोन दिवस उशीर झाला तर 'ताई, तब्येत बरी आहे ना?' असं विचारतात. तुमच्या ७१ गिऱ्हाइकांपैकी कितींनी असं विचारलं?

---

शाईचा माणूस (अमरावती, पूर्वी छापखाना)

ताई, एक प्रामाणिक प्रश्न. त्या नाशिकच्या नर्सला हवी ती कथा तुम्ही लिहिता, की तुम्हाला हवी ती?

---

वैनगंगेकाठची

टोचलंत. खरं सांगते मग. श्रीमंत घरचा रागीट नवरा आणि गरीब घरची मानी मुलगी असं लिहिलं की आकडा पळतो. गेल्या वर्षी धानाच्या रोवणीला जाणाऱ्या एका बाईची गोष्ट लिहिली. गुडघाभर चिखल, पाठीला ऊन, आणि बांधावर झोळीत झोपवलेलं लेकरू. तिसऱ्या भागापासून वाचक गळायला लागले, सहाव्याला मीच थांबले. एकीनं लिहिलं होतं, 'ताई, हिरो कधी येणार?'

पण कच्चा माल परत तरी घेता येतो. छापलेलं घेता येत नाही.

---

शाईचा माणूस

आता मूळ धाग्याला उत्तर. बांधावरून, मला तुमची कीव येत नाही, राग येतो. लुबाडून घेतलंत स्वतःला.

आयएसबीएन भारतात फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय यांच्या नावाची केंद्र सरकारची संस्था देते, लेखक स्वतः अर्ज करू शकतो. ते ३,००० तुम्ही हवेचे दिले. दुसरं, ३०० प्रती काढायला सांगितलं कुणी? आता डिजिटल छपाईत ५० काढा, संपल्या की आणखी ५०. आमच्या वेळी ऑफसेटची प्लेट एकदा चढवली की हजार काढणं स्वस्त पडायचं, म्हणून हजाराची सवय लागली. ती सवय गेली, हाव राहिली.

तिसरं, करारनामा केलात? बहुतेक नसेल. प्रताधिकार कायदा १९५७, कलम १९ वाचा. हक्क किती वर्षांसाठी दिले ते लिहिलं नसेल, तर ते पाचच वर्षांसाठी दिले असं धरतात. सही करण्याआधी हे माहीत असावं.

पण छापावं की नाही? छापावंच! १९५४ च्या कायद्यानं प्रत्येक प्रकाशकाला छापलेल्या पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवावी लागते, आणखी तीन प्रती इतर तीन ग्रंथालयांना. स्वतःचं पुस्तक स्वतः काढलं तर ते काम तुमचं. दारव्ह्याच्या बांधावरची गोष्ट कोलकात्याच्या कपाटात राहते, आपण गेल्यावरही. मोबाइलवरची गोष्ट कंपनीनं बटण दाबलं की गेली.

---

अकोटचा, हल्ली पुण्यात

कडू बोलतो, राग मानू नका. मी संपादनाचं काम करतो, वर्षाला गावाकडून आलेले तीस-चाळीस संग्रह वाचतो. पुस्तक खपत नाही याचं एक कारण कुणी बोलत नाही : ते कच्चं असतं. अकरा कथांतल्या चार चांगल्या, सात त्या चारांच्या पाठीवर बसलेल्या. पदरच्या पैशात छापलं की 'ही काढून टाका' असं सांगणारा कुणी नसतो. प्रकाशकाला पानं हवी असतात, लेखकाला जाडी.

दुसरं म्हणजे बोली. संवाद वऱ्हाडीत, निवेदनही वऱ्हाडीत, मग कोल्हापूरचा वाचक दुसऱ्या पानावर थांबतो. संवाद ठेवा, निवेदन प्रमाण करा.

---

पऱ्हाटीवाला

घ्या! गाव सोडलं की पयले बोली टोचते.

उद्धव शेळक्यांची 'धग' कादंबरी १९६० ची. त्यातली कौतिक वऱ्हाडीतच बोलते, वऱ्हाडीतच रडते. कोल्हापूरवाल्याहीनं वाचली ना? मले एका दिवाळी अंकवाल्यानं फोन करून सांगतलं, 'पऱ्हाटी' काढा, 'कपाशी' लिहा. म्या म्हनलं, कपाशी तुमची, पऱ्हाटी माही. कथा परत आली. येऊ द्या.

---

अकोटचा, हल्ली पुण्यात

भाऊ, 'धग'चं निवेदन एकदा पुन्हा उघडून पाहा. कौतिक वऱ्हाडी बोलते, सांगणारा कुठल्या मराठीत सांगतो ते बघा. मी तेवढंच म्हणत होतो. आणि शेळक्यांचं पुढचं चरित्रही बघा. एवढं पुस्तक लिहिलेल्या माणसाला लेखणीवर घर चालवायला ढिगानं रंजक कादंबऱ्या लिहाव्या लागल्या. तुम्ही-आम्ही कोण लागून गेलो.

'पऱ्हाटी' काढायला सांगणारा मात्र चूक. ते मान्य.

---

वडसा रोड (गडचिरोली)

तुम्ही सगळे पुस्तक पुस्तक करत बसलात. आमच्याकडे या. देसाईगंजला, म्हणजे वडस्याला, रस्त्याला लागून नाटक मंडळ्यांच्या ऑफिसच्या पाट्या दिसतील. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, सुरू झाली की होळीपर्यंत झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, गावोगावी नाटक. गावात दिवसा पट, रात्री नाटक, दहाला पडदा वर जातो तो कोंबडा आरवेपर्यंत. तिकीट काढून लोक येतात, घोंगड्या घेऊन. नवी नाटकं लिहिणारे आमच्याच भागातले, कुणी मास्तर, कुणी शेतकरी. २०२३ साली आमच्या परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी.

मी दोन नाटकं लिहिली. पैसे थोडे मिळाले, पण मिळाले. आणि पहिल्या प्रयोगाला मी मागं उभा होतो. बाप मुलीला ओळखत नाही तो प्रसंग आला, तेव्हा शेजारच्या म्हातारीनं माझाच दंड धरला आणि रडली. लेखक मीच, हे तिला ठाऊक नव्हतं.

कथा सोडा, नाटक लिहा.

---

वैनगंगेकाठची

दादा, आणि रात्रभर तालमीला मी कशी येऊ? ते एक सांगा.

शिवाय आमच्या गावात जे नाटक झालं, त्यात मध्येच लावणी आणि विनोदवाल्याची अर्धा तास बडबड. लेखकानं लिहिलेलं त्यात किती होतं?

---

वडसा रोड

निम्मं. खोटं कशाला बोलू. विनोदी नट स्वतःचंच बोलतो आणि लोक त्यालाच टाळ्या देतात. पण ताई, निम्मं का होईना, हजार माणसं ऐकतात.

---

ड वर्ग (ग्रामीण सार्वजनिक वाचनालय)

तीन दिवस नुसतं वाचत होतो, आज लिहितो. मी एका गावातल्या वाचनालयाचा ग्रंथपाल. वर्ग 'ड', म्हणजे शासनाच्या उतरंडीत शेवटची पायरी. एक खोली, चार कपाटं, एक मी. अनुदानात पगार, पेपर, वीजबिल बसवून पुस्तकांना जे उरतं त्यात स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आधी घ्यावी लागतात. पोरं तीच मागतात. कथासंग्रहाचा नंबर शेवटी.

बांधावरून, तुमच्या ११ कथा आणि १४४ पानांवरून पुस्तक ओळखलं. तुमच्या ९६ फुकट प्रतींपैकी एक आमच्याकडे आहे, कुणीतरी भेट म्हणून आणून टाकली होती. देवघेव रजिस्टर काढून बघितलं. १९ वेळा बाहेर गेलं आहे. आमच्या कपाटातला कथासंग्रह सहसा तीन-चारदा जातो.

एक वाईट बातमीही आहे. पान ८७ ते ९४ नाहीत. फाडलेली नाहीत, ब्लेडनं शिवणीला लागून नीट कापून नेली आहेत.

---

शाईचा माणूस

ब्लेडनं! चाळीस वर्षं छापलं, माझ्या छापखान्यातल्या एकाही पुस्तकाला हा मान मिळाला नाही.

---

अकोटचा, हल्ली पुण्यात

मान कसला? पुस्तक नासवलं. आणि आवडली म्हणून कापली, हे कशावरून? इतरांनी वाचू नये म्हणूनही कापतात.

---

पऱ्हाटीवाला

आता खरं सांगा भाऊ. त्या ८ पानांत कोन हाय?

---

बांधावरून

विहीर आहे.

माझ्या आज्यानं खोदलेली, वाटणीत निम्मी आमची, निम्मी चुलत काकाकडं गेली. मोटर कुणी कधी लावायची यावरून दोन घरांची बोलचाल बंद, हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत. मी नावं बदलली, गाव बदललं, काकाला मामा केलं. पण कथेतला मामा बोलताना उजव्या हातानं डावं मनगट चोळतो. ते मी बदलायला विसरलो. पुस्तक आल्यावर काका एका लग्नात भेटले, काही बोलले नाहीत, पंगतीतून उठून दुसऱ्या ओळीत जाऊन बसले. चुलतभाऊ तेव्हापासून रामराम घेत नाही. ग्रंथपाल साहेब, त्याची बायको तुमच्याच भागातली. माहेरी जात असते.

हे मी वरच्या हिशेबात धरलंच नव्हतं.

---

वैनगंगेकाठची

म्हणून मी टोपणनाव घेतलं, दादा.

---

वडसा रोड

मनगट विसरला नाहीत तुम्ही. ठेवलंत. मी पण लिहितो, मला ठाऊक आहे.

---

बांधावरून

असेल.

---

अकोटचा, हल्ली पुण्यात

ग्रंथपाल साहेब, नेणाऱ्याचं नाव रजिस्टरमध्ये असेलच की.

---

ड वर्ग

आहे. पण सांगणार नाही. कुणी काय वाचलं हे आमच्या खोलीबाहेर जात नाही. एवढंच सांगतो : पानं गेल्यानंतरही पुस्तक ६ वेळा बाहेर गेलं, आणि दोघांनी परत करताना विचारलं, मधली गोष्ट कुठे आहे?

बांधावरून, चांगली प्रत पाठवता का? भेट नको. बिल लावा, समितीच्या पुढच्या बैठकीत ठेवतो. २०० रुपयांचंच तर आहे.

---

बांधावरून

बिलबुक नाही माझ्याकडे. अशीच पाठवतो.

---

शाईचा माणूस

साध्या कागदावर लिही, तारीख टाक, सही कर. पण बिल लाव! ९६ प्रती फुकट वाटल्यास ना, पुरे झालं आता.

---

बांधावरून

लावलं. पोतं बाजूला करून गठ्ठा सोडला, खालच्या ९ प्रतींचे कोपरे उंदरानं खाल्लेत. वरची चांगली निवडली. उद्या बाजाराला जाणाऱ्याच्या हाती पोस्टात टाकायला देतो.

१२३ चांगल्या, ९ कुरतडलेल्या. कुरतडलेली कुणाला अर्ध्या किमतीत हवी असेल तर सांगा. गोष्टी शाबूत आहेत.

---

पऱ्हाटीवाला

एक मले ठेवा. मागचं पान कोरं हाय नं? उधारी मांडाले.