मदत हवी आहे: १४ वर्षांची मांजर झिजत चालली आहे, रिपोर्ट मात्र नॉर्मल (नाशिक)

नमस्कार मंडळी. म्हाताऱ्या मांजरांचं केलेलं कोणी इथे असेल तर कृपया वाचा. लांबेल, पण डॉक्टरांना मी तुकड्यातुकड्याने सांगितलं आणि त्यात बरंच निसटलं असं आता वाटतंय. म्हणून सगळं सलग लिहिते.

ठकी १४ वर्षांची आहे. २०११ च्या पावसाळ्यात पंचवटीतल्या आमच्या जुन्या वाड्यात जिन्याखाली सापडली, तेव्हा डोळेही धड उघडले नव्हते. आईने कापसाच्या बोळ्याने पाजून जगवली. आता आम्ही इंदिरानगरला फ्लॅटमध्ये राहतो. ऑपरेशन लहानपणीच झालंय, बाहेर जात नाही, लस वेळेवर. आजवर कधी आजारी म्हणून पडली नाही.

मे महिन्यात लसीच्या वेळी वजन ४.१ किलो होतं. परवा, ऑक्टोबरात, २.९ भरलं. काटा तोच, दवाखाना तोच. आणि मला न उलगडलेली गोष्ट अशी की जुलै-ऑगस्टमध्ये ती नेहमीपेक्षा जास्त खात होती! ओट्यापाशी येऊन पायात घुटमळायची, वाटी चाटून पुसून साफ. आम्हाला वाटलं, म्हातारपणी भूक सुटली, छानच आहे. गेले तीन आठवडे मात्र उलटं झालंय. वाटीपाशी धावत येते, वास घेते, एक घास उचलते, मान एका बाजूला करून चावते आणि निघून जाते. थोड्या वेळाने परत येते, पुन्हा तेच.

पाणी पिताना ती आम्हाला कधी दिसायची नाही. आता बाथरूमच्या बादलीवर ओणवी असते. तिच्या शी-शूच्या वाळूत दिवसाला लघवीचे दोन गोळे निघायचे, आता चार-पाच, लाडवाएवढे. पाठीवरून हात फिरवला की मणका न् मणका बोटांना लागतो, कातडी सैल झालीये. फ्रिजवर एका उडीत जाणारी पोर आता स्टुलाकडे बघत बसते. पहाटे तीनच्या सुमारास पॅसेजमध्ये उभी राहून ओरडते, पिल्लू हरवल्यासारखं. आई उठून जवळ बसली की थांबते. गेल्या आठवड्यात चालता चालता दाराच्या कडेला धडकली. तेव्हापासून मला तिच्या बाहुल्या भर उजेडातही मोठ्या दिसतात. आईच्या मते हा माझा भास आहे.

आतापर्यंत दोन डॉक्टर झाले. रक्ताचा साधा रिपोर्ट ठीक, लिव्हर ठीक, साखर १३८, किडनीचं क्रिएटिनिन १.७, तेही लॅबच्या रेंजमध्ये. एक्स-रेमध्ये काही नाही. जंताचं औषध झालं. एकांनी पाच दिवस अँटिबायोटिक आणि टॉनिक दिलं, दुसऱ्यांनी ‘वय झालंय, आता असंच चालायचं’ सांगून परत पाठवलं. वय झालंय हे मलाही दिसतं हो. पण पाच महिन्यांत सव्वा किलो वजन गेलं कुठे, हे विचारायला मी गेले होते.

आता पुढे कोणती तपासणी मागायची? आणि मुंबईला नेऊ का? गंगापूर रोडपर्यंत नेलं तरी पिंजऱ्यात तोंड उघडं टाकून धापा टाकते, लाळ गळते. कसारा घाट उतरून परळपर्यंत चार-पाच तास ती कशी काढेल याची मला धास्ती वाटते. आई ७८ वर्षांची आहे, दिवसभर दोघी एकमेकींना धरून असतात. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी स्पष्ट सांगा, मन राखायला काही लिहू नका.

प्रतिसाद:

ताई, मी डॉक्टर नाही. आमचा बोका १७ व्या वर्षी गेला, शेवटची तीन वर्षं त्याची किडनी आणि थायरॉईड दोन्ही सांभाळलं, त्या अनुभवावर लिहितो.

आधी ते १.७ घ्या. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. ठकीचे स्नायूच आटलेत, त्यामुळे आकडा खरा असायला हवा त्यापेक्षा कमी दिसणार. शिवाय लॅबच्या रेंजमध्ये बसलं तरी मांजरांच्या किडनीसाठी जी आयरिस वर्गवारी जगभर वापरतात, तिच्यात १.६ पासून दुसरा टप्पा धरतात. एका आकड्यावर निदान होत नाही, पण म्हणूनच लघवीची घनता बघायला सांगा. मांजराची लघवी चांगली दाट असते, १.०३५ च्या वर. ती पातळ निघाली तर किडनीकडे बोट जातं. एसडीएमए नावाची किडनीचीच रक्ततपासणी स्नायूंवर फारशी अवलंबून नसते, तीही मागा.

दुसरं, भरपूर खाऊन वाळणं. दहाच्या पुढच्या मांजरात असं दिसलं की टी-४, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, केलीच पाहिजे, आणि तुमच्या यादीत ती कुठेच नाही. वाढलेला थायरॉईड किडनीकडे रक्त जोरात ढकलतो आणि तिचा बिघाड झाकून ठेवतो. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं, थायरॉईडच्या गोळ्या सुरू झाल्यावर किडनीचा आकडा वर आला. दुसरा आजार असला तर टी-४ सुद्धा खोटं नॉर्मल दाखवू शकतं, तेव्हा एकदा नॉर्मल आलं म्हणून विषय सोडू नका.

पण सगळ्यात आधी बीपी. दाराला धडकणं, मोठ्या बाहुल्या, रात्रीचं ओरडणं, हे वाचून मी दोनदा थांबलो. तुम्हाला भास होत नाहीये. किडनी किंवा थायरॉईडमुळे बीपी चढतं आणि डोळ्याचा पडदा सुटून नजर जाते. यात दिवस घालवू नका, उद्याच कफ लावून बीपी मोजणारा दवाखाना गाठा आणि डोळे आतून बघायला सांगा. मान वाकडी करून चावते म्हणजे दातही बघायला हवेत, हिरडीच्या कडेला दात आतून विरघळत जातो आणि वरून काही कळत नाही.

मुंबईचं नंतर बघू. रक्त आणि लघवीचे नमुने प्रवास करू शकतात, ठकीने करायची गरज नाही. सगळं होऊनही उत्तर मिळालं नाही तर पोटाची सोनोग्राफी. आतड्याची सूज किंवा लिम्फोमा (एक प्रकारचा कॅन्सर) रक्तात दिसत नाही.

दोन गोष्टी अगदी जपा. सलग दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर थांबू नका, उपाशी मांजराच्या लिव्हरमध्ये चरबी साचते आणि तो वेगळाच जीवघेणा आजार होतो. आणि कोणी कितीही सांगितलं तरी पॅरासिटामॉल देऊ नका, मांजरासाठी ते विष आहे.

धागाकर्ती:

दादा, तुमचा प्रतिसाद वाचून दुसऱ्याच दिवशी सकाळी गेले. आधी अर्धा तास तिला अंधाऱ्या खोलीत माझ्या मांडीवर शांत बसू दिलं, मग शेपटीला कफ लावून पाच-सहा वेळा मोजलं. १९० च्या खाली एकदाही आलं नाही. डाव्या डोळ्याचा पडदा खालून सुटायला लागलाय, उजवा अजून धरून आहे. लघवीची घनता १.०१६. एक मागची दाढ किडलेली नाही पण हिरडीपाशी खाल्ली गेलीये, तिचं बीपी आटोक्यात आल्यावर बघू म्हणाले. टी-४ आणि एसडीएमए पाठवलंय, गुरुवारी येईल.

आईला हे सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. ठकीला डाव्या बाजूने कळेना म्हणून तिने दिवाण आणि टीपॉय होते तिथेच ठेवायला सांगितलेत, खुर्चीही कोणाला हलवू देत नाही.

बीपीचं अॅम्लोडिपिन सुरू झालंय, अडीच मिलिग्रॅमच्या गोळीचा चतकोर, दिवसातून एकदा. खाण्याचं थोडं जमलं, चिकनचा खिमा कांदा-लसूण न घालता उकडून कोमट दिला की सात-आठ घास जातात. गोळी मात्र जात नाही. काल गिळली असं वाटलं, आज केर काढताना दिवाणाखाली ओला पांढरा कण सापडला. म्हणजे कालचा डोस गेलाच नव्हता. एवढा छोटा तुकडा गालात धरून ठेवणाऱ्या मांजराला तुम्ही कसा देत होता? तोंड जबरदस्तीने उघडलं तर ती घाबरते, आणि आत्ता तिला घाबरवायचं नाहीये. आज रात्री नऊला पुढचा डोस आहे, त्याआधी कोणी सांगू शकलं तर बरं होईल.