५५ हजारांत गेमिंग पीसी : दुकानदाराचं कोटेशन बघून सांगा

मिरजकर :
इंजिनिअरिंगला ॲडमिशन झाली, बाबांनी ५५ हजार मंजूर केलेत. मॉनिटर घरात आहे, १०८०पी. व्हॅलोरंट, जीटीए ५ आणि जमलं तर सायबरपंक खेळायचंय. दुकानातलं कोटेशन : प्रोसेसर रायझन ५ ५६००जी, १६ जीबीची एकच रॅम, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०५० ६ जीबी, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी, चार आरजीबी (रंगीत लाइटवाल्या) पंख्यांचं कॅबिनेट आणि त्यासोबत ५०० वॅटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) फुकट. घेऊ का?

जुना_सोल्डर :
थांब, ॲडव्हान्स देऊ नकोस. कोल्हापुरात अठरा वर्षं हीच मशिनं दुरुस्त करतोय, म्हणून सांगतो. आधी तो फुकटचा एसएमपीएस काढायला लाव.

मागच्या पावसाळ्यात तुझ्याच वयाच्या पोराचं मशीन आलं होतं. लाइट दोनदा गेली-आली आणि सगळं बंद. एसएमपीएस उघडला तर दोन कपॅसिटर डोक्यावर फुगलेले, आणि इनपुटला जिथे फिल्टरची कॉइल हवी तिथे नुसते तारेचे तुकडे सोल्डर केलेले. जाताना तो एसएमपीएस मदरबोर्डही घेऊन गेला. लेबलवर मोठ्या अक्षरात ५०० वॅट होतं, पण १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर. गुणाकार कर, २१६ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड जगतात ते त्याच १२ व्होल्टवर. दुकानात तो रकाना आधी वाच. चांगल्या कंपनीचा ५५० वॅट, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचं रेटिंग) असलेला घे. पैसे कमी पडले तर आरजीबी पंखे सोड.

दुसरं, वेगळं कार्ड घेणारच आहेस तर स्वतःचं ग्राफिक्स असलेला ५६००जी कशाला? साधा ५६०० घे. कोअर सहाच, पण कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३२ एमबी, ५६००जीला १६. कार्ड आरएक्स ६६०० मिळालं तर तेच घे, ८ जीबी आहे आणि ३०५० ६ जीबीपेक्षा बरंच पुढे. रॅम १६ ची एक नको, ८-८ जीबीच्या दोन घे.

मिरजकर :
दादा, ५६०० ला स्वतःचा डिस्प्ले नाही ना? कार्ड बिघडलं तर?

जुना_सोल्डर :
बरोबर विचारलंस. कार्ड वॉरंटीला गेलं की स्क्रीन काळीच राहणार. कॉलेजच्या कामाला दुसरा लॅपटॉप घरात नसेल तर एखादं जुनं, साधं कार्ड मागून ठेव. मी तरी तेवढ्यासाठी ५६००जी घेणार नाही.

हडपसरची :
रॅम बसवल्यावर बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी चालू कर, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालते. माझी ३२०० ची रॅम आठ महिने २४०० वर चालत होती, कोणी सांगितलंच नव्हतं. आणि मॉनिटरची केबल कार्डाला लाव, मदरबोर्डला नाही.

जुना_सोल्डर :
हे अगदी खरं. अजून एक, मिरजकर. घर जुनं आहे का? पीसी यायच्या आधी खोलीतल्या सॉकेटचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घे. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर ते साधं समजू नकोस.

मिरजकर :
आजोबांच्या वेळचं घर आहे. आत्ता मेन बंद करून बाबांनी सॉकेट उघडलं, तिसऱ्या पिनेला वायरच नाही. रविवारी वायरमन येतोय, पार्ट त्यानंतर आणतो.