टेकऑफनंतर इंजिन बंद, भाच्याचं चुकलं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितोय. भाचा परराज्यात पायलटचं ट्रेनिंग घेतोय. गड्ड्याच्या जत्रेला येणार होता, त्याआधीच सोलो उड्डाणात त्याच्या सेस्ना १५२ चं इंजिन टेकऑफ झाल्या झाल्या बंद पडलं, तीनेकशे फुटांवर असेल, आणि त्यानं विमान सरळ समोरच्या ज्वारीच्या रानात घातलं. पायात रॉड, हनुवटीला सात टाके, बाकी सिद्धेश्वराची कृपा.

आता पंचायत वेगळीच झालीय. दाजींचं गॅरेज आहे, तीस वर्षं इंजिनं खोलतायत, त्यांना हे पटतच नाही. पोरगा म्हणतो रनअपला, म्हणजे उडायच्या आधी जमिनीवर इंजिन तपासतात तेव्हा, १७०० आरपीएमवर दोन्ही मॅग्नेटो (स्पार्क प्लगला करंट देणारे) तपासले, सगळं ओके होतं. मग जमिनीवर चाललेलं इंजिन मिनिटभरात वर जाऊन कसं मरतं? आणि मागं एवढी धावपट्टी असताना वळला का नाही? काल जेवताना ताट सारून म्हणाले, "धावपट्टी काय पळून चालली होती का बे?" पोरगा काही बोलला नाही, भाकरीचा तोच तुकडा मोडत बसला.

२०२२ च्या जुलैत इंदापूरजवळ कडबनवाडीत ट्रेनिंगचं विमान शेतात पडलं होतं, ती मुलगी वाचली, ते दाजींना दाखवलं तर म्हणे ते वेगळं. कुणी जाणकार असाल तर नीट सांगा, आणि चौकशीचा रिपोर्ट घरच्यांना बघायला मिळतो का?

रिटायर्ड एएमई (विमान मेंटेनन्स इंजिनिअर) :
आधी वळायचं बघू. पोरानं बरोबर केलंय, शिकवतातच तसं, नाक खाली आणि समोर जागा शोध. ४५ अंश कलून वळलं तर विमान ज्या स्पीडला स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल जाते, तो स्पीड १९ टक्के वाढतो, ६० अंशाला ४१ टक्के, आणि इकडं इंजिन नसल्यानं स्पीड उतरतच असतो. तीनशे फुटांवर स्टॉल झालं तर सावरायला उंची कुठाय? वळायच्या नादात बरेच जण गेलेत.

इंजिनाचं दाजींना त्यांच्याच भाषेत सांगा. बाईकचा पेट्रोल कॉक बंद असला तरी किक मारली की चालू होते, दोन चौक जाते आणि मग मरते, होय ना? तसंच विमानाचा फ्युएल व्हॉल्व्ह बंद राहिला तरी पाइपातल्या पेट्रोलवर रनअप निघून जातो. दुसरं म्हणजे टाकीतलं पाणी. झाकणाचं सील गेलं की पावसाचं पाणी आत उतरतं, पेट्रोलपेक्षा जड म्हणून तळाला बसतं आणि नाक वर झालं की ओढलं जातं. म्हणून तर उडायच्या आधी ड्रेन करून, म्हणजे तळातून थोडं पेट्रोल काढून बघतात, विमानाचं १०० एलएल पेट्रोल निळसर दिसतं आणि पाणी असेल तर खाली वेगळं दिसतं.

दुसरं उत्तर :
चौकशी एएआयबीच्या (विमान अपघातांची चौकशी करणारी सरकारी संस्था) अखत्यारीत येते, आणि ती कारण शोधायला असते, दोष कुणाच्या माथी मारायला नाही, हे दाजींना जरूर सांगा. फायनल रिपोर्ट त्यांच्या वेबसाइटवर टाकतात. बारा महिन्यांत यावा अशी अपेक्षा असते, पण उशीर धरूनच चाला.

धागाकर्ता :
धन्यवाद हो. कॉकचं सांगितल्यावर दाजी जरा गप्प झाले, मग स्वतःच पोराला विचारलं, "झाकणाचं सील कसलं असतंय रे?" अपघातानंतर पहिल्यांदा दोघं नीट बोलले. पण तो म्हणतो ड्रेन केलं होतं, निळंच होतं, आणि फ्युएल व्हॉल्व्हपण चालू होता. मग काय?

रिटायर्ड एएमई :
मग कार्बोरेटर. सकाळची वेळ होती का, हवा दमट? वीस-बावीस डिग्रीतसुद्धा आत बर्फ धरतो, आणि इंजिन बराच वेळ मंद चालू ठेवून थांबलं की जास्तच. उडायच्या आधी किती वेळ थांबला होता विचारा, आणि मधे कार्ब हीट (कार्बोरेटरला गरम हवा देऊन बर्फ वितळवणारा नॉब) ओढली होती का तेही.

धागाकर्ता :
आत्ताच विचारलं. पुढं दोन विमानं होती म्हणून वीस मिनिटं थांबला होता, काचेवर दव होतं म्हणतो. कार्ब हीट रनअपला एकदा तपासली, नंतर नाही. हे चौकशीवाल्यांना त्यानं सांगितलंच नाहीये, आता लेखी कळवता येईल का?