मदत हवी आहे : काम न होताच बंद होणाऱ्या तक्रारींचं काय करायचं?

आमच्या प्रभागात महापालिकेच्या ॲपवरच्या तक्रारी काम न होताच ‘निकाली’ निघतात. तुंबलेल्या चेंबरची तक्रार ‘संबंधित विभागाकडे वर्ग केली’ एवढ्या शेऱ्यावर बंद झाली. झाकणाच्या कडेने मैलापाणी अजून वाहतंय, शाळेची मुलं त्यातूनच जातात. पुन्हा तक्रार केली की नवा क्रमांक मिळतो आणि आधीचा विलंब हिशेबातून गायब. खरी मेख इथेच आहे असं मला वाटतं, कारण कागदावर विभाग अगदी चोख दिसतो.

क्षेत्रीय कार्यालयात फोटोंसह लेखी निवेदन दिलंय, पोच आहे. नगरसेवकांनाही भेटलो. तक्रार बंद करण्याचा अधिकार कोणाला, कोणत्या निकषावर, हे माहिती अधिकारात विचारलं. उत्तर मोघम आलं, म्हणून प्रथम अपील केलंय. 2015 चा लोकसेवा हक्क कायदाही पाहिला, पण तो अधिसूचित सेवांनाच लागू होतो. दाखले, नळजोडणी आमच्या पालिकेच्या यादीत आहेत, चेंबर सफाई नाही.

एक चेंबर साफ करून घेणं एवढाच हेतू नाही, पद्धत बदलायला हवी. कोर्टात जाण्याची तूर्त तयारी नाही.

तक्रारदाराने होकार दिल्याशिवाय किंवा कामाचा फोटो जोडल्याशिवाय तक्रार बंद करायची नाही, असा नियम तुमच्यापैकी कोणी आपल्या पालिकेत करून घेतला आहे का? तो आयुक्तांच्या परिपत्रकाने झाला की सर्वसाधारण सभेच्या ठरावाने, आणि त्यासाठी पहिला अर्ज कोणाकडे दिला होता?