बेळगावची छपरे आणि सौर अनुदान

घरगुती सौरऊर्जेचे अनुदान ऐपतदारांच्याच पदरात पडते, म्हणून ते बंद करावे, हे मत मला अर्धेच पटते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,००० रुपये आणि ३ किलोवॅट व त्यापुढे ७८,००० रुपये मिळतात. परंतु आमच्या बेळगावात खरी अडचण निराळी आहे. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेमुळे २०२३ पासून ठरवून दिलेल्या मर्यादेत, कमाल २०० युनिटपर्यंत, वीज वापरणाऱ्या कुटुंबाला बिलच भरावे लागत नाही, मग त्याने उरलेल्या रकमेसाठी कर्ज काढून पॅनेल कशासाठी बसवावे? साहजिकच टिळकवाडीतल्या प्रशस्त गच्चीच्या बंगल्याला अनुदान सोयीचे ठरते आणि खानापूर तालुक्यातले कौलारू घर, जिथे पावसाळ्यात दिवसदिवस ऊन दिसत नाही, बाहेरच राहते. हा दोष अनुदानाचा नसून दोन योजना एकमेकींचा विचार न करता आखल्याचा आहे, असे मला मनापासून वाटते. मोफत विजेवरच्या खर्चातला काही भाग राज्याने शाळेच्या वा पंचायतीच्या गच्चीवर अशा कुटुंबांसाठी सामाईक पॅनेल उभारण्याकडे वळवावा. १ किलोवॅटमागे महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट मिळतात, आणि लहान कुटुंबाची बरीचशी गरज तेवढ्यात भागते.