१२ हजारांत जुन्या पीसीला कोणतं ग्राफिक्स कार्ड घेऊ? (आय-फाइव्ह ४५७०, एच-८१ बोर्ड)

नंदनवनची_पोर

नमस्कार. पीसी दादाचा आहे, २०१४ मध्ये नागपुरात बर्डीवर जोडून घेतलेला. तो नोकरीसाठी पुण्याला गेला, तेव्हापासून मी वापरते. प्रोसेसर आय-फाइव्ह ४५७०, एच-८१ चा मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर-थ्री रॅमची एकच स्टिक, सध्याचं ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स ७५० टीआय २ जीबी. ४८० जीबीची एसएसडी मागच्या वर्षी मी टाकली. पॉवर सप्लाय ४५० वॉटचा आहे असं दादा म्हणतो. मॉनिटर २२ इंची फुल एचडी, मागे फक्त व्हीजीए आणि डीव्हीआय.

मला रेड डेड रिडेम्प्शन २ हा गेम शेवटपर्यंत खेळायचा आहे. सेलमध्ये घेतला, १५० जीबी डाउनलोड व्हायला चार रात्री गेल्या. चित्राची सगळी सेटिंग लो वर ठेवूनही सेकंदाला २०-२५ च फ्रेम मिळतात, आणि शहरात शिरलं की चित्र अडकतं. बर्फातली ती सुरुवात मला धूसर नाही, नीट पाहायची आहे.

आठवीच्या शिकवण्यांमधून १२ हजार जमवलेत. परत एवढे जमायला वर्ष लागेल, म्हणून चुकायचं नाही. पाहिलेले पर्याय: नवं आरएक्स ६५०० एक्सटी (दुकानदार म्हणून राहिला की यातलं सगळ्यात नवं तेच), नवं जीटीएक्स १६५०, सेकंडहँड आरएक्स ५८० ८ जीबी, आणि सेकंडहँड जीटीएक्स १६६० सुपर, ज्याचे ८,५०० सांगितले.

खोली वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली. मे महिन्यात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. खिडकीत कूलर आहे आणि टेबल त्याच्या समोरच.

हिंगणा_नाईटशिफ्ट

ताई, ६५०० एक्सटी घेऊ नका. मी घेऊन बसलो होतो, बोर्ड माझा पण एच-८१ च.

ते कार्ड स्लॉटमध्ये पूर्ण बसतं, पण त्याला लेन, म्हणजे डेटा जायच्या वाटा, चारच आहेत. या स्लॉटला पीसीआय एक्स्प्रेस म्हणतात, त्याच्या चौथ्या पिढीच्या बोर्डावर चार लेनमधून सेकंदाला जवळपास ८ जीबी जातात. एच-८१ चा स्लॉट दुसऱ्या पिढीचा, तिथे त्याच चार लेनमधून २ जीबी. कार्डावरची ४ जीबी मेमरी भरली की बाकीचं रॅममधून आणावं लागतं, आणि ते इतवारीच्या गल्लीतून ट्रक काढल्यासारखं होतं. फ्रेमचा आकडा ५० दाखवायचा आणि दर काही सेकंदांनी झटका. मी आधी ड्रायव्हरला दोष दिला, मग विंडोज नव्यानं टाकलं, तीन सुट्ट्या त्यात घालवल्या. तेच कार्ड मित्राच्या नव्या बोर्डावर लावलं तर मऊ चाललं.

१६५० आणि १६६० सुपर दोन्ही सोळा लेनची आहेत, आपल्या बोर्डावर त्यांना पुरेसा रस्ता मिळतो. आणखी एक, स्वस्तात इंटेलचं आर्क कार्ड दिसलं तरी भुलू नका. त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो, तो आपल्या बोर्डांवर नाही.

सोल्डरवाला

रिपेअरिंग करतो, अशा मशीन रोज हातात येतात. बेटा, कार्डाच्या आधी पॉवर सप्लाय पाहा. डब्याचं एका बाजूचं झाकण काढ आणि स्टिकर वाच. मोठ्या अक्षरातला ४५० सोडून दे. १२ व्होल्टखाली किती अँपियर लिहिले आहेत तो आकडा खरा. त्याला १२ नं गुण, तेवढे वॉट प्रोसेसर आणि कार्डाच्या वाट्याला येतात.

तुझा ४५७० हा ८४ वॉटचा. १६५० घेतलंस तर ७५, त्यातल्या बऱ्याच मॉडेलला वेगळी वायर लागत नाही, स्लॉटमधूनच भागतं. १६६० सुपर १२५ वॉट, आठ पिनची वायर हवी. आरएक्स ५८० तर १८५ वॉट. ही वायर नसेल तर दोन रुपयांचा मोलेक्स अडॅप्टर (जुन्या चार पिनच्या वायरवरून जोडणारा) लावून चालवायचं नाही. जळलेले कनेक्टर माझ्या ड्रॉवरमध्ये पडलेत, सगळे तसेच आलेले.

५८० मला तुझ्यासाठी नको वाटतं. बाजारातली बरीच क्रिप्टो मायनिंगमध्ये रात्रंदिवस चाललेली आहेत, आणि काही '२०४८ एसपी' प्रकारची, म्हणजे मूळच्या २३०४ ऐवजी २०४८ शेडरची (शेडर म्हणजे कार्डातले चित्राचा हिशेब करणारे छोटे भाग). शिवाय स्लॅबखालच्या खोलीत १८५ वॉटची जास्तीची शेगडी कशाला. १०५० टीआय कोणी सुचवलं तर तेही नको, त्या पिढीचे गेमसाठीचे नियमित ड्रायव्हर एनव्हिडियानं २०२५ मध्ये थांबवले.

माझं मत १६६० सुपर. ६ जीबी मेमरी आहे, या खेळाला तिचा फार फायदा होतो. फक्त विकणाऱ्याच्या घरी जाऊन चालू मशीनवर बघ. कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड उघडून नाव, मेमरी आणि शेडर १४०८ आहेत का ते तपास. मग कार्डावर पूर्ण ताण देणारं फरमार्क वीस मिनिटं चालव. पडद्यावर ठिपके, रेघा, चौकोन दिसले की उठून ये. पंखे हातानं फिरवून बघ, खरखर नको. स्क्रूची डोकी झिजलेली असतील तर कार्ड उघडलेलं आहे, का उघडलं ते विचार. चालू करून दाखवत नाही म्हणाला तर घ्यायचंच नाही.

आणि तो कूलर. ओली हवा आणि धूळ थेट डब्यात जाते, आपल्याकडच्या जड पाण्याचा पांढरा थरही चढतो. टेबल बाजूच्या भिंतीला घे.

नंदनवनची_पोर

स्टिकर वाचला. १२ व्होल्टखाली १६ अँपियर. म्हणजे १९२ वॉट! प्रोसेसर आणि १६६० सुपर मिळूनच २०९ होतात. आठ पिनची वायरही नाही. दादा इतकी वर्षं ४५० समजत होता.

८,५०० चं कार्ड आणि ८० प्लस ब्राँझचा (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र असलेला) ४५० वॉटचा चांगला सप्लाय ३,००० ला, मिळून ११,५००. बसतंय. मॉनिटरचं काय करू? नवा घेणं शक्य नाही.

जुनंतेसोनं

मॉनिटर बदलू नका. १६६० सुपरच्या काही मॉडेलवर डीव्हीआय असतंच. नसेल तर एचडीएमआय ते डीव्हीआय साधी केबल घ्या. दोन्हीकडे सिग्नल डिजिटल, त्यामुळे चित्रात काही कमी होत नाही, फक्त आवाजासाठी हेडफोन पीसीलाच लावा. व्हीजीए वापरायचं ठरवलं तर मात्र कन्व्हर्टर लागेल, त्या भानगडीत पडूच नका.

उरलेल्या ५०० मध्ये आणि थोडे टाकून जुनी ८ जीबी डीडीआर-थ्री स्टिक शोधा. या खेळाची शिफारसच १२ जीबीची आहे, आणि दोन स्टिक झाल्या की रॅम ड्युअल चॅनलवर, म्हणजे एकाच वेळी दोन वाटांनी चालते. चार कोरच्या प्रोसेसरला त्याचा आधार होतो.

नंदनवनची_पोर

अकरा दिवसांनी लिहून राहिली.

पहिलं कार्ड मी सोडून आली. फरमार्कच्या आठव्या मिनिटाला उजव्या कोपऱ्यात हिरवे चौकोन दिसले. विकणारा म्हणाला केबल सैल आहे, पण केबल बदलल्यावरही तेच. सोल्डरवाला काका, तुम्ही लिहिलं नसतं तर मी पाचव्या मिनिटालाच पैसे दिले असते. दुसरं त्रिमूर्तीनगरात मिळालं, ८,८०० ला, बिलासकट, वीस मिनिटं स्वच्छ चाललं. सप्लाय नवा. रॅमची स्टिक दादानं पुण्याहून पाठवली.

आता टेक्स्चर अल्ट्रावर, बाकी बरंचसं मीडियम. माळावर ६० च्या आसपास, सेंट डेनिस शहरात ४२-४५. तिथे कार्ड ७० टक्केच वापरलं जातं आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर असतो, म्हणजे आता अडतंय ते तिकडे. टेबल सरकवलं, दुपारी तीन वाजता कार्ड ७४ अंशांवर थांबतं.

याच बोर्डावर आय-सेव्हन ४७७० प्रोसेसर बसतो असं वाचलं. दिवाळीनंतर शिकवण्यांचे पैसे आले की त्याच्यासाठी वेगळा प्रश्न टाकते. काल पहिला अध्याय नव्यानं सुरू केला. घोड्याच्या नाकातून निघणारी वाफ दिसते.