सीओपीडीचा (फुप्फुसांच्या जुनाट आजाराचा) शेवटचा टप्पा घरीच काढायचा आहे, तयारी काय ठेवावी? (सोलापूर)

अशोकचौक
वडील ७६ वर्षांचे. सीओपीडी, जोडीला हृदयाचं पंपिंग कमी. यापुढे आयसीयू नको, असं त्यांनी डॉक्टरांसमोर स्पष्ट सांगितलंय. ५ लिटरचं कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन) मिनिटाला २ लिटरवर चालू असतं. उन्हाळ्यात लाइट गेली तर काय, रात्री दम वाढला तर काय, आणि घरीच गेले तर कागदपत्रं कोणती?

बॅटरीवाला
५ लिटरचं मशीन साधारण ३५० वॅट खातं. १५० एएचच्या एका चांगल्या बॅटरीवर जेमतेम तीन तास निघतात, जुनी असेल तर त्याहून कमी. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हच घ्या आणि त्यावर फ्रिज, टीव्ही अजिबात ठेवू नका. शिवाय ऑक्सिजनचं बी टाइप सिलिंडर भरून ठेवाच : १५०० लिटर, २ च्या फ्लोने साडेबारा तास. रेग्युलेटर आणि चावी सिलिंडरलाच बांधून ठेवा; अंधारात चावी शोधण्यातच वेळ जातो.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पत्र्याच्या खोलीत पारा चाळिशीच्या वर असतो आणि बहुतेक मशीन ४० अंशांपर्यंतच्याच हवेसाठी बनवलेली असतात. भिंतीपासून फूटभर लांब ठेवा, मागची जाळी दर आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवूनच बसवा. देवघरातला दिवा, उदबत्ती, विडी त्या खोलीत नको.

घरभेट_सिस्टर
दम वाढला की आधी माणसाला बसतं करा : पुढे टेबल, त्यावर उशी, उशीवर हात. छोटा पंखा थेट चेहऱ्यावर, नाकाच्या बाजूने. गालावरच्या गार वाऱ्याने दम लागल्याची जाणीव खरोखर कमी होते. खोलीत एकच माणूस थांबावा. सगळं घर भोवती जमलं की रुग्ण जास्त घाबरतो आणि श्वास आणखी उथळ होतो.

एवढ्यानं भागत नसेल तर डॉक्टरांशी तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनबद्दल आत्ताच बोला, रात्री दोन वाजता नव्हे. दमासाठी मात्रा फार लहान असते, सुरुवात बहुधा १० मिग्रॅ गोळीच्या पाव भागापासून. किती आणि किती वेळाने, हे डॉक्टरच ठरवतील. किडनी कमजोर असेल तर ते आवर्जून सांगा, कारण औषध अंगात साचून गुंगी येते. पहिल्या दिवसापासून सोबत पोट साफ होण्याचं औषध हवंच. मॉर्फिन म्हणजे मरणाचं औषध, ही भीती नातेवाइकांच्या मनातून आधीच काढा. नाहीतर डबी कपाटात पडून राहते आणि माणूस तळमळतो.

अशोकचौक
बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ८९ दिसलं की आई फ्लो ४ करते. चालेल?

घरभेट_सिस्टर
नको. सीओपीडीत ८८ ते ९२ हेच लक्ष्य असतं. जास्त ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड साठतो : डोकं दुखतं, झोप उतरत नाही, बोलणं तुटक होतं. बोटं गार असली तरी आकडा खोटा दाखवतो. शेवटच्या दिवसांत तर ऑक्सिमीटर बाजूला ठेवा, चेहरा बघा.

त्या दिवसांत घशात घरघर वाजते. ऐकणाऱ्याला ते सोसवत नाही, पण बेशुद्धीकडे गेलेल्या माणसाला त्याचा त्रास बहुधा नसतो. कुशीवर वळवा, नळी खोल घालून सक्शन करू नका, त्याने स्राव वाढतो. डॉक्टरांनी लिहून दिलं तर ग्लायकोपायरोलेट (स्राव कमी करणारं औषध) चालतं, तेही घरघर सुरू होताच. तोंडात चमच्याने पाणी घालू नका, ठसका लागेल. ओल्या गॉजने ओठ आणि जीभ पुसत राहा.

जुळे_सोलापूर
कागदांचं. उपचार करणारे डॉक्टर घरी येऊन मृत्यूच्या कारणाचा दाखला देतील का, हे आजच विचारा. घरी झालेल्या मृत्यूसाठी तो नमुना ४ए वर असतो. नेहमीचा डॉक्टर नसला की ऐन वेळी धावपळ होते. महापालिकेत नोंद २१ दिवसांत. आयसीयू नको ही इच्छा लेखी करा : दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. २०२३ पासून एवढं पुरतं. एक प्रत उशाशी ठेवा, कारण घाबरून १०८ ला फोन जातो आणि आलेल्या माणसांना यातलं काहीच ठाऊक नसतं.